काटा चाळीसवर होता

६ जानेवारी

व्हॅनच्या मीटरचा काटा मोडला. मधोमध तुटून काचेच्या आत तळाशी पडलाय. चौदा वर्षं ऊन खाऊन प्लास्टिक ठिसूळ झालं होतं, त्याचा दोष नाही. चिरंजीव म्हणाले, "बाबा, बाजारात मीटरवाला आहे, उद्या त्याच्याकडे टाकतो."

मी विचारलं, त्याच्याकडे कशाला? तर म्हणे, "तो रोज हेच करतो." मग मी चव्वेचाळीस वर्षं काय गवत उपटत होतो? तांदळाच्या दाण्याएवढे स्क्रू या हातांनी फिरवलेत. घड्याळाचं दुकान बंद झालं म्हणून हात बंद झाले नाहीत. काटा म्हणजे काटा, तो तास दाखवो नाहीतर वेग. सूनबाई मध्येच म्हणाली, "बाबा, तुमचा हात हल्ली जरा थरथरतो ना, म्हणून म्हणत असतील." कप गरम होता म्हणून परवा चहा सांडला. ते हिनं धरून ठेवलंय.

गाडी माझ्या नावावर आहे. दुकान विकून ही जुनी घेतली. चिरंजीवांचा कारखाना बंद पडला, घरी बसून होते, म्हणून डायलिसिस केंद्राचं काम मीच मिळवून दिलं. केंद्राच्या सिस्टरांच्या नवऱ्याचं घड्याळ माझ्याकडे असायचं, ती ओळख. पेशंटांना घरून न्यायचं, चार तासांनी परत सोडायचं. महिना झाला नाही अजून. सिस्टरांची अट एकच: गावात चाळीसच्या वर जायचं नाही, पुलाच्या वळणावर तीस. रक्त धुऊन झालं की पेशंटांचं अंग गळालेलं असतं, जरा हिसका बसला की चक्कर येते. तेव्हा काटा हवाच.

७ जानेवारी

मीटर काढून खिडकीजवळच्या टेबलावर घेतलं. चार स्क्रू, मागची केबल, मग काच. आत सगळं ओळखीचं निघालं. केसाएवढी एक स्प्रिंग आहे, आपल्या घड्याळातल्यासारखीच. चिरंजीवांना मुद्दाम बोलावून दाखवली. "हं" म्हणाले आणि गेले. आमच्या घरात एवढंच कौतुक होतं.

बाजारचा काटा मिळेल असं वाटत नाही, आणि मिळाला तरी नको. दुकानातल्या भिंतीवरच्या घड्याळाचा मिनिटकाटा डब्यात ठेवलेला होता. तो कापून, घासून, भोक बारीक करून बसता केला. टोकाला सूनबाईची नखांची लाल पॉलिश लावली. तीन तास लागले. पूर्वी एक लागला असता, पण पूर्वी चष्मा नवा होता.

९ जानेवारी

काटा बसवला, पण आधी छळलं त्यानं. गाडी जागेवर उभी, इंजिन चालू, आणि काटा शून्यापाशी लटलट लटलट. आपला काटा पितळी, त्यांचा प्लास्टिकचा, वजनाचा फरक. थरथरणारा काटा मला बघवत नाही. दुकानात असं घड्याळ मी गिऱ्हाइकाच्या हातात कधी दिलं नाही.

मग उपाय सुचला. काटा पुन्हा उपसला आणि स्प्रिंगला थोडा उलटा पीळ देऊन बसवला, म्हणजे तो शून्याच्या खिळ्याला घट्ट टेकून राहतो. आता काय शांत बसलाय. चिरंजीवांनी गल्लीत एक फेरी मारली, मी शेजारी. गाडी चालू लागली तरी काटा उगाच उठत नाही. चांगला वेग आला की मगच उठतो, आणि उठला की स्थिर. याला शिस्त म्हणतात.

"हा आधी लगेच उठायचा ना?" चिरंजीव म्हणाले.

"आधी तो मोडका होता," मी म्हणालो.

हसले. बऱ्याच दिवसांनी. म्हणाले, "घड्याळाचा काटा लावलात बाबा, आता वेळेवर पोचू." मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू?

१६ जानेवारी

चिरंजीव सध्या लवकर परततात. पूर्वी साडेअकरा व्हायचे, आज अकरा वाजून पाच मिनिटं. सूनबाई म्हणाली, रस्ता रिकामा असेल. मला वाटतं, आता हात बसायला लागलाय.

२१ जानेवारी

मी म्हणत होतो, हात बसला. हात नाही, पाय बसलाय, आणि तो सुद्धा अॅक्सिलरेटरवर. सिस्टरांचा फोन आला होता. हेडबाईंनी तक्रार केलीय की गाडी जोरात जाते. या बाई शाळेच्या हेडमास्तरीण होत्या, निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली, पण अजून सगळ्यांची हजेरी घेतात. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, तरी आवाज असा की खिडकीच्या काचा हलाव्यात.

चिरंजीवांना विचारलं. म्हणाले, "काटा चाळीसवरच असतो, बाबा. पण मलाही वाटतं गाडी जास्त पळतेय. एकदा परत बघता का मीटर?"

डोक्यात तिडीक गेली. नाचता येईना अंगण वाकडं. मी म्हणालो, "गाडी पळत नाही, तू पळवतोस. काम मी केलंय. तुला शंका असेल तर जा तुझ्या मीटरवाल्याकडे, आणि येताना माझ्यासाठी काठी घेऊन ये, म्हणजे मी म्हातारा झालो हे गावभर कळेल." सूनबाई आत निघून गेली. तो म्हणाला, "तुम्ही म्हणता तर बरोबरच असेल."

असा मुद्द्यावर आला की मुलगा वाईट नाही.

२३ जानेवारी

स्वतः जाऊन बघावं म्हणून आज गाडीत बसलो. ड्रायव्हरशेजारी, डोळे मीटरवर. पूर्ण रस्ताभर काटा अडतीस ते चाळीस, पुलाच्या वळणावर बरोबर तीस. रेषेवर ठेवल्यासारखा. मला मात्र मळमळलं. नाश्ता न करता निघालो होतो.

वळणावर हेडबाईंनी पुढच्या सीटची दांडी धरली आणि मागून विचारलं, "काय म्हणतो तुमचा काटा?"

"तीस," मी म्हणालो.

"मग माझं पोट खोटं बोलतंय."

सगळे पेशंट हसले. चिरंजीवसुद्धा. मी हसलो नाही. उतरताना मी बाईंना समजावलं की वय झालं की वेग जास्त वाटतो, तसा अनुभव मलाही येतो. त्या म्हणाल्या, "माझं वय झालंय हे मला डॉक्टर सांगतात हो, तुम्ही घड्याळाचं बघा."

४ फेब्रुवारी



हेडबाई पडल्या. संध्याकाळच्या फेरीत, पुलाच्या वळणावर. पुढे एक सायकलवाला मध्ये आला, चिरंजीवांनी ब्रेक मारला, बाई सीटवरून सुटून दोन सीटांच्या मधल्या लोखंडी पट्टीवर डाव्या हातावर आदळल्या. डावाच हात. डायलिसिससाठी त्याच हातात शीर जोडून दिलेली होती, तिथूनच रक्त काढतात आणि परत देतात. हात मोडला नाही, पण ती शीर बंद पडली. तशी नवी तयार व्हायला महिने लागतात म्हणे. तोवर मानेत नळी घालून चालवायचं.

चिरंजीव रात्री जेवले नाहीत. मी विचारलं, किती होता वेग? म्हणाला, "काटा तीसवर होता." मी म्हणालो, तीसवरनं ब्रेक मारला तर माणूस असा उडत नाही. तो उठून आत गेला.

६ फेब्रुवारी

केंद्रात बोलावलं होतं, दोघांना. सिस्टर टेबलापलीकडे, पुढ्यात फाइल. शांत बोलत होत्या, त्यामुळे जास्त भीती वाटली. म्हणाल्या, "ड्रायव्हर म्हणतात काटा तीसवर होता. पेशंट म्हणतात गाडी जोरात होती. सायकलवालाही तेच म्हणाला. गाडी तुमच्या नावावर आहे, म्हणून तुम्हाला विचारते. मीटर नीट आहे?"

मी चिरंजीवांकडे पाहिलं. ते टेबलाकडे बघत होते.

मी म्हणालो, "मीटर मी स्वतः दुरुस्त केलंय. माझ्या हातचं काम आजवर परत आलेलं नाही. काटा बरोबर आहे. गाडी कोण चालवतं ते बघा."

जे खरं ते बोललो. पोटच्या पोराला पाठीशी घालणाऱ्यांतला मी नाही. काम गेलं.  घराशी आल्यावर त्यानं चावी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाला, "बाबा, एकदा तरी म्हणायचं होतंत, की बघतो म्हणून."

११ फेब्रुवारी

सूनबाई माझ्याशी कामापुरतं बोलते. ताट वाढलंय. औषध घ्या. नळ बंद करा.

चिरंजीव आज मोबाईल समोर लावून एकटेच व्हॅन घेऊन तासभर फिरून आले. पेशंट नाही, काम नाही, फुकट डिझेल. कुठे गेला होतास विचारलं तर म्हणाला, "बघत होतो." काय बघत होतास? "काही नाही." आल्यावर बराच वेळ गाडीतच बसला होता, इंजिन बंद करून. मी खिडकीतून पाहिलं. बोलवावं असं वाटलं होतं.

१३ फेब्रुवारी

आज चिरंजीव केंद्रात जाऊन आले. काम परत मागायला गेले असणार. नाही मिळालं, ते तोंडावरूनच कळलं.

१९ फेब्रुवारी

चिरंजीव गोदामात लागले. पोती उतरवायचं काम. एकोणचाळीस वर्षांचा माणूस, पाठीवर वळ घेऊन येतो. सूनबाई तेल चोळते आणि दार लावून घेते. आतून बोलण्याचा आवाज येतो, मी दिसलो की थांबतो. म्हणजे बोलणं माझ्याविषयीच असणार. असू दे. शहाण्याला शब्दाचा मार पुरतो, आमच्याकडे एवढी मोठी गोष्ट घडावी लागली. आता तरी पायाला लगाम बसेल.

१ मार्च

व्हॅन दोन-अडीच आठवडे उभी आहे, बॅटरी बसेल. चिरंजीवांना वेळ नाही, म्हणून मीच चावी घेतली. लायसन्स अजून चालू आहे माझं.

आत बसलो तर मीटरच्या काचेवर चिकटपट्टीचा पांढरा तुकडा. वीस आणि तीसच्या बरोबर मध्ये चिकटवलेला, आणि त्यावर बॉलपेननं लिहिलेलं, ४०. मी जीव ओतून केलेलं काम, आणि त्यावर ही असली ठिगळं. चाळीस काय, पोत्यांचा हिशोब लिहून ठेवला की काय कोण जाणे. नखानं खरवडून काढली, काच ओल्या फडक्यानं पुसली. उद्या जरा लांब चक्कर मारून येतो.

२ मार्च

सकाळी नऊला निघालो. शेजारचे निवृत्त कारकून फाटकाशी होते, म्हणाले, "आजोबा, रेस लावताय की काय?" मी म्हणालो, आमच्या घरात रेस लावणारा वेगळा आहे.

गल्लीच्या तोंडाशी एक बाई चालत होती. गाडी तिच्या बरोबरीनं आली, मग तिला मागे टाकून पुढे गेली, चांगली पुढे. काटा शून्यावर. मी खाली बघितलं, परत रस्त्याकडे बघितलं. काटा अजून शून्यावर.

आता ही दैनंदिनी माझी आहे, इथे कुणाला फसवायचं? नदीकडच्या सरळ रस्त्याला गेलो. खिशात स्टॉपवॉच होतं, शाळांच्या शर्यतींना मी भाड्यानं देत असे ते. किलोमीटर मोजणारे आकडे काट्यावर चालत नाहीत, ते दातेरी चाकांवर चालतात, त्यांना मी हात लावलेला नाही. काटा चाळीसवर धरला. चाळीसच्या वेगानं एका किलोमीटरला नव्वद सेकंद लागायला हवेत. हे तिसरीतलं गणित आहे.

पासष्ट लागले.

परत फिरलो, परत केलं. सहासष्ट. तिसऱ्यांदा केलं. पासष्ट. घड्याळ चुकलं म्हणावं तर ते मीच तेल घालून ठेवलेलं, दिवसात एक सेकंद इकडे तिकडे होत नाही. म्हणजे काटा चाळीस म्हणतो तेव्हा गाडी पंचावन्नला असते. तीस म्हणतो तेव्हा पंचेचाळीसला. पुलाच्या वळणावर, सहा आजारी माणसं घेऊन, पंचेचाळीस.

मग वेग कमी करत करत नव्वद सेकंद कुठे येतात ते शोधलं. काटा वीस आणि तीसच्या बरोबर मध्ये आला.

गाडी कडेला घेऊन थांबलो. मी काल खरवडून काढलेल्या गोंदाचा एक ठिपका अजून काचेवर होता.

३ मार्च

स्प्रिंगला पीळ मीच दिला. घड्याळात काटा नुसता आसावर बसतो, त्याला स्प्रिंग ओढत नाही. बाराला ठेवला की बारा. इथे काटा स्प्रिंगला ताणत उठतो, जेवढा पीळ जास्त तेवढा उशिरा उठणार. बाजारातल्या मीटरवाल्याच्या हाताखालच्या कुणालाही हे कळलं असतं. मला घड्याळवाल्याला कळलं नाही, आणि थरथर बघवत नव्हती म्हणून मी ती दाबून टाकली.

त्याला कळलंय. अकरा फेब्रुवारीलाच कळलं. मोबाईलवर वेग बघून आला, खूण केली, की निदान पुढे कुणी गाडी चालवली तर फसू नये. माझ्या काट्याला हात लावला नाही. मला बोलला नाही. बारा दिवस पोती वाहतोय आणि माझ्या तोंडून ऐकतोय की पायाला लगाम घाल.

परवा ताटावर पण म्हणालो होतो. माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

४ मार्च

सिस्टरांना द्यायचा कागद लिहिला. "मीटरमध्ये दोष माझ्या दुरुस्तीमुळे होता. ड्रायव्हर निर्दोष आहे." पाच वेळा लिहावा लागला, अक्षर वाचता येत नव्हतं.

सूनबाई चहा ठेवायला आली तेव्हा कागद दिसला असेल तिला. म्हणाली, "बाबा, त्यांना सांगणार आहात ना?" मी म्हणालो, आधी केंद्रात देतो, काम परत मिळू दे, मग सांगतो. ती म्हणाली, "काम राहू द्या हो. आधी त्यांना सांगा."

६ मार्च

केंद्रात जाऊन आलो. सिस्टरांनी माझा कागद वाचला, चष्मा काढला, फाइल उघडली आणि दुसरा कागद माझ्यासमोर ठेवला. चिरंजीवांचं अक्षर. "वेगाचा अंदाज माझा चुकला. मीटर व्यवस्थित होते. जबाबदारी माझी." खाली सही, तारीख तेरा फेब्रुवारी.

सिस्टर म्हणाल्या, "त्यांनी आधी विचारलं, मीटर सदोष निघालं तर काय होतं. मी सांगितलं, मालकावर येतं, प्रकरण पोलिसात जाऊ शकतं. मग ते बाहेर बाकावर अर्धा तास बसले आणि आत येऊन हे लिहून दिलं."

मी म्हणालो, "मग आता हा माझा कागद घ्या."

"घेते. तुम्ही म्हणाल तर आत्ता नोंद करते. पण काम दुसऱ्या गाडीला दिलंय, ते परत येणार नाही. तुमचं वय बघता पोलीस, चौकशी, फेऱ्या. आणि मुलगा खोटं लिहून गेला म्हणून तोही अडकेल. बघा, तुम्ही ठरवा."

मी ठरवलं. कागद उचलून खिशात घातला. पोरगा अडकेल म्हणून, असं सिस्टरांना म्हणालो. पण दाराबाहेर आल्यावर छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं, आणि ते पोरासाठी नव्हतं. एवढं तरी खरं लिहून ठेवतो.

बाहेर हेडबाई खुर्चीत बसल्या होत्या, आपल्या नंबराची वाट बघत. मानेला पांढरी पट्टी, त्यातून दोन नळ्यांची टोकं. बारीक झाल्यात. मला बघून म्हणाल्या, "घड्याळवाले, तुमच्या मुलाला रागावू नका हो. माणूस चांगला आहे. दर रविवारी येऊन बाजार आणून देतो. मी सांगितलं, अरे झालं ते झालं. तरी येतो." मग म्हणाल्या, "माझं पोट तेव्हा खरं बोलत होतं बरं का."

सांगायला एवढी सरळ जागा मला आयुष्यात मिळाली नसती. मी म्हणालो, "तब्येतीला जपा, बाई."

घरी येऊन मीटर उघडायला बसलो. निदान तो पीळ तरी काढावा. पहिलाच स्क्रू तीनदा खाली पडला. तिसऱ्यांदा सापडलाच नाही. मग तसंच सोडलं आणि चिकटपट्टी आणून काचेवर, वीस आणि तीसच्या मध्ये, पुन्हा लावली. त्यावर ४० लिहिलं.

संध्याकाळी चिरंजीव आले, व्हॅनवरून हात फिरवत आत बघून आले असावेत, कारण बूट काढताना म्हणाले, "पट्टी परत लागलीय."

"हो."

"तिरकी लागलीय."

"हात थरथरतो माझा," मी म्हणालो.

त्यानं दुसरा बूट काढला, दोन्ही भिंतीशी सरळ लावून ठेवले. माझ्याकडे न बघता म्हणाला, "माहीत आहे."

पुढचं बोलायला मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात सूनबाईनं पाणी आणलं, तो प्यायला, पाठ धरून उठला आणि आत गेला. दार त्यानं लावलं नाही. मी इथे टेबलाशी बसलोय, उघड्या दारातून त्याची पाठ दिसतेय. केंद्रासाठी लिहिलेला माझा कागद या वहीत घडी करून ठेवलाय. तो त्याला द्यायचा आहे. तो जागा आहे, आणि मी लिहितोय.